परक्या स्फटिकांचे पारखी

अ‍ॅशबर्नमध्ये सिंक्रोट्रॉन नाही. व्हर्जिनिया राज्यातलं, वॉशिंग्टनच्या डल्लस विमानतळाजवळचं हे गाव मराठी घरांना माहीत असतं ते कुणाचा तरी भाचा किंवा भाची तिथे सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून. जगातला डेटा सेंटरांचा सगळ्यात दाट पट्टाही हाच. त्या अवाढव्य, बंदिस्त इमारती मागे टाकून पोटोमॅक नदीच्या दिशेने गेलं, की टेकाडाच्या उतारात अर्धी रुतवलेली एक लांबलचक काचेची इमारत लागते. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटचं हे जनेलिया संशोधन केंद्र. पूर्वी इथे शेत होतं. मालकांच्या जेन आणि कॉर्नेलिया या मुलींची नावं जोडून शेताला ‘जनेलिया’ म्हणत, तेच नाव केंद्राला राहिलं. केंद्र २००६ साली सुरू झालं, आणि २०१३ साली इथून एक शोधनिबंध निघाला. प्रथिनांची रचना काढण्याचं जे काम एक किलोमीटर घेराच्या सिंक्रोट्रॉन यंत्राशिवाय होत नाही असं दोन पिढ्या मानत आल्या होत्या, त्यातला एक अवघड भाग एका खोलीत मावणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर करता येतो, असं त्याचं म्हणणं होतं.

ते म्हणणं किती मोठं होतं हे कळायला आधी सिंक्रोट्रॉनवर काम करणाऱ्या एका विशिष्ट माणसाची ओळख व्हायला हवी. विज्ञानाच्या लोकप्रिय पुस्तकांत हा माणूस सहसा भेटत नाही. नोबेल मिळालेले भेटतात, त्यांचे प्रतिस्पर्धी भेटतात, क्वचित एखादा कष्टाळू पीएच.डी.चा विद्यार्थीही भेटतो. बीमलाइनवरचा स्फटिकशास्त्रज्ञ मात्र आभाराच्या ओळीत उरतो, तेही लिहिणाऱ्याला आठवलं तर.

प्रथिनाचा एक रेणू इतका लहान असतो, की त्याच्यावरून विखुरलेले क्ष-किरण कुठल्याही उपकरणाला जाणवणार नाहीत. दिंडीतल्या एकट्या वारकऱ्याचा टाळ दूरवर ऐकू जात नाही, पण शेकडो टाळ एकाच ठोक्यावर पडले की पुढच्या गावाला दिंडी आल्याचं कळतं. स्फटिकात अब्जावधी रेणू एकाच ठेवणीत, ठरावीक अंतरावर बसलेले असतात, म्हणून त्यांच्यावरून विखुरलेल्या लहरी काही ठरावीक दिशांना एकमेकींना बळ देतात आणि बाकीच्या दिशांना एकमेकींना खोडून टाकतात. पडद्यावर उरतात ते ठिपके. लाऊए यांनी १९१२ साली ते पहिल्यांदा मिळवले आणि ब्रॅग पितापुत्रांनी लगेच त्यांच्यावरून अणूंच्या जागा काढून दाखवल्या. ठिपक्यांच्या जागांवरून रेणूंची मांडणी कळते, ठिपक्यांच्या तीव्रतेवरून रेणूच्या आत काय आहे ते. क्ष-किरणांची तरंगलांबी एका अँगस्ट्रॉमच्या, म्हणजे मीटरच्या दहा अब्जाव्या भागाच्या आसपास असते. दोन अणूंमधलं अंतरही त्याच मापाचं असल्यामुळे हे सगळं जमतं.

मिठाच्या खड्याला साधी क्ष-किरण नळी पुरते. प्रथिनाच्या स्फटिकात निम्मं पाणी असतं, तो लहान असतो आणि किरणांनी लवकर खराब होतो. त्यासाठी फार प्रखर आणि फार बारीक झोत लागतो. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळणाऱ्या इलेक्ट्रॉनांना चुंबकांनी वळवलं की ते असा प्रकाश फेकतात. १९४७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीला जनरल इलेक्ट्रिकच्या यंत्रात तो प्रथम डोळ्यांना दिसला. सुरुवातीला कणभौतिकीवाल्यांना ही ऊर्जेची गळती वाटायची आणि तिचा राग यायचा. पुढे त्याच गळतीसाठी मुद्दाम कड्याच्या आकाराची यंत्रं, म्हणजे सिंक्रोट्रॉन, बांधली जाऊ लागली. शिकागोजवळच्या आरगॉन प्रयोगशाळेतल्या कड्याचा परीघ १,१०४ मीटर आहे. कड्यातून स्पर्शरेषेत बाहेर काढलेल्या प्रत्येक झोताला स्वतःची शिशाच्या भिंतींची खोली असते. झोतापासून खोलीपर्यंतची ही सगळी मांडणी म्हणजे बीमलाइन.

या खोलीत दार लावण्यापूर्वी आत कुणी राहिलं नाही ना, हे फिरून पाहावं लागतं आणि भिंतीवरची बटणं क्रमाने दाबावी लागतात; तोपर्यंत झोत सुटत नाही. नव्या संशोधकाला बीमलाइनवरचा स्फटिकशास्त्रज्ञ पहिल्यांदा हे शिकवतो. मग पाळी येते स्फटिकांची. ते केसाहून बारीक धाग्याच्या फासात द्रवाच्या थेंबासकट उचललेले असतात, द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवलेले असतात आणि एका गोल चकतीत सोळा सोळा करून कुरिअरने आलेले असतात. ती चकती यंत्रमानवाच्या टाकीत ठेवली, की तो एकेक फास उचलून १०० केल्विन तापमानाच्या नायट्रोजनच्या झुळुकीत धरतो. कॅमेऱ्यात पाहत स्फटिक झोताच्या मध्यावर आणायचा आणि पहिलं चित्र घ्यायचं. इथून पुढे अनुभवाचं काम सुरू होतं.

पडद्यावर ठिपके मोजकेच, ठळक आणि एकमेकांपासून लांब लांब असले तर अनुभवी माणूस लगेच ओळखतो की हे मीठ आहे. प्रथिनाचं द्रावण आटवताना त्यातला फॉस्फेटसारखा क्षारच आधी स्फटिक होऊन बसतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो अतिशय देखणा दिसतो. ठिपक्यांवरून तो ओळखू येण्याचं कारण सोपं आहे. स्फटिकातली पुन्हा पुन्हा येणारी घरं जितकी मोठी, तितके ठिपके एकमेकांजवळ. क्षाराचं घर काही अँगस्ट्रॉमचं, प्रथिनाचं पन्नास, शंभर किंवा त्याहून अधिक. म्हणून प्रथिनाच्या चित्रात ठिपक्यांची दाट जाळी असते. सहा महिने खपून आणलेला स्फटिक क्षार निघाल्याचं एखाद्याला सांगणं हे या नोकरीतलं नेहमीचं आणि कुणालाच न आवडणारं काम.

कधी ठिपक्यांवर गोल कडी दिसतात. ३.९, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमच्या जागी ती आली, तर स्फटिकाभोवतीच्या पाण्याचा बर्फ झाला आहे. म्हणजे ग्लिसरॉलसारखं बर्फ रोखणारं द्रव्य कमी पडलं, किंवा गोठवताना हात हळू चालला. कधी ठिपके लांबट, पुसट येतात: गोठताना स्फटिकाला ताण बसला. कधी दोन जाळ्या एकमेकींवर पडलेल्या असतात: एक स्फटिक समजून दोन उचलले गेले. यातलं काय वाचवता येईल आणि काय टाकून द्यावं, हे काही सेकंदांत ठरवावं लागतं, कारण मिळालेला वेळ बहुतेकदा आठ तासांच्या पाळीचा असतो आणि मागे दुसरा गट वाट पाहत असतो.

सगळ्यात नाजूक निर्णय किरणांच्या मात्रेचा. ऑक्सफर्डच्या एल्स्पेथ गार्मन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवलं, की गोठवलेल्या प्रथिन-स्फटिकाने ३ कोटी ग्रे इतकी मात्रा घेतली की त्याच्यावर भरवसा ठेवू नये. माणसाला पाच-सहा ग्रे जिवावर बेततात, हे लक्षात घेतलं म्हणजे स्फटिक किती सोसतो ते कळेल. पण ती सगळ्यात वरची मर्यादा झाली. त्याच्या कितीतरी आधी दोन गंधकाच्या अणूंमधले बंध तुटतात, आम्लगटांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो. प्रथिनाचं काम जिथे चालतं ती जागाच नेमकी अशा गटांची असली, तर संशोधक ज्याला निसर्गाची रचना म्हणून छापायला निघाला आहे ते प्रत्यक्षात झोताने केलेलं नुकसान असू शकतं. हे वेळेवर सांगणारा माणूस बीमलाइनवर नसेल तर चूक थेट निबंधात जाते.

यंत्रं मात्र दरम्यान भरधाव सुटली. पूर्वी फिल्मवर एकेका चित्राला बराच वेळ लागायचा. २००७ साली स्विस लाइट सोर्सवर पिलाटस हा प्रत्येक फोटॉन स्वतंत्र मोजणारा डिटेक्टर आला, आणि पुढे अख्खा संच मिनिटा-दोन मिनिटांत मिळू लागला. पाठोपाठ दुरून नियंत्रण आलं. संशोधक आपल्या गावी बसून आरगॉनचा यंत्रमानव चालवू लागले. २०२०च्या साथीत ही सोय नसती तर करोना विषाणूच्या प्रथिनांचं काम अडून बसलं असतं. बीमलाइनवरच्या माणसाचं काम मात्र यामुळे हलकं झालेलं नाही. पूर्वी रात्रभर एका गटाशेजारी बसून एक संच गोळा व्हायचा. आता दिवसात शेकडो संच येतात आणि प्रश्न फोनवर येतात. समोरच्या माणसाचा चेहरा दिसत नसताना ‘तुमचा स्फटिक वाईट आहे’ असं सांगणं सोपं की अवघड, यावर या क्षेत्रात दोन मतं ऐकू येतात.

सिंक्रोट्रॉनची सोय महाराष्ट्राला सगळ्यात जवळची इंदूरला आहे. मुंबई सेंट्रलहून अवंतिका एक्सप्रेसने रात्री निघालं की सकाळी होळकरांच्या गावात. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातलं इंडस-२ हे कडं १७२.५ मीटर परिघाचं, अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचं. त्याच्यावरची प्रथिन-स्फटिकांची एकविसाव्या क्रमांकाची बीमलाइन भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली. तिचा झोत आरगॉनइतका तेज नाही. पण स्फटिक खरा की क्षार, हे कळायला विमानाचं तिकीट काढावं लागत नाही, आणि मला विचाराल तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे.

हॉवर्ड ह्यूज इन्स्टिट्यूटला हे जग नवं नव्हतं. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवनमधली एक्स-४ बीमलाइन तिच्याच पैशांनी उभी राहिली होती. तिथे वेन हेंड्रिक्सन यांनी प्रथिनात सेलेनियमचे अणू घालून, वेगवेगळ्या तरंगलांब्यांवर मोजणी करून रचना सोडवण्याची पद्धत रुळवली. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या कड्यावरही संस्थेच्या दोन बीमलाइन होत्या. म्हणजे जनेलियात जे घडलं ते सिंक्रोट्रॉनचं महत्त्व नीट जाणणाऱ्यांच्या घरात घडलं.

अडचण सगळ्यांना ठाऊक होती. काही प्रथिनांचे स्फटिक वाढतच नाहीत. फार प्रयत्न करून मिळते ती धूळ. थेंब नुसता गढूळ दिसतो आणि बहुतेक जण तो फेकून देतात. अशा कणांवर क्ष-किरणांचा झोत टाकला तर ठिपके दिसण्याआधी कण संपतो. इलेक्ट्रॉनांचं गणित वेगळं आहे. ते पदार्थाशी क्ष-किरणांच्या मानाने हजारो पटींनी जोरात अन्योन्यक्रिया करतात, त्यामुळे अगदी पातळ कणातूनही ठिपके मिळतात. शिवाय केंब्रिजच्या रिचर्ड हेंडरसन यांनी १९९५ साली हिशेब मांडला होता, की उपयोगी माहितीच्या प्रत्येक कणामागे इलेक्ट्रॉन क्ष-किरणांहून सुमारे हजारपट कमी नुकसान करतात. हेंडरसन आणि नायजेल अन्विन यांनी १९७५ सालीच एका रेणूइतक्या जाड, चादरीसारख्या द्विमितीय स्फटिकांवरून एका पटलप्रथिनाची रचना काढली होती. जनेलियातल्या २०१३ सालच्या निबंधामागचे तमीर गोनेन यांची घडणही याच परंपरेतली.

पण त्रिमितीय स्फटिकांचं काय? एका स्फटिकाचं एक चित्र घेतलं की तो जळून जातो, आणि एका चित्रावरून त्रिमितीय रचना निघत नाही, हे अडलेलं होतं. जनेलियात डॅन शी, ब्रेंट नानेंगा, मॅथ्यू इयादान्झा आणि गोनेन यांनी मात्रा कमी करण्याचा साधाच, पण कुणी नेटाने न केलेला उपाय केला. अतिसंवेदनशील कॅमेरा लावून झोत इतका मंद ठेवला, की एकाच स्फटिकाची, त्याला थोडं थोडं कलवत, नव्वदपर्यंत चित्रं घेता आली आणि तरी एकूण मात्रा दर चौरस अँगस्ट्रॉमला दहा इलेक्ट्रॉनांच्या आत राहिली. सूक्ष्मदर्शक २०० किलोव्होल्टचा, नव्याने शोधलेला नव्हे. प्रथिन कोंबडीच्या अंड्यातलं लायसोझाइम, ज्याच्यावर प्रत्येक नवी पद्धत आधी तपासली जाते. तीन स्फटिकांची माहिती एकत्र करून २.९ अँगस्ट्रॉमपर्यंतची रचना आली. पद्धतीला नाव मिळालं मायक्रो-ईडी.

२.९ अँगस्ट्रॉम म्हणजे प्रथिनाची दोरी कुठून कुठे गेली ते दिसतं, पण बारकावे धूसर राहतात. पुढच्या वर्षी एक सुधारणा झाली आणि ती मला पहिल्या शोधाइतकीच महत्त्वाची वाटते. स्फटिक थांबवून चित्र, मग कलवून पुन्हा चित्र, असं करताना बहुतेक ठिपके अर्धवट पकडले जातात आणि त्यांची खरी तीव्रता कळत नाही. म्हणून स्फटिक सावकाश, न थांबवता फिरवत ठेवून चित्रं घ्यायची असं ठरलं. सिंक्रोट्रॉनवर नेमकं हेच करतात. फायदा असा, की केंब्रिजच्या अँड्र्यू लेस्ली यांचा मॉसफ्लम हा क्ष-किरणांसाठी रचलेला प्रोग्राम इलेक्ट्रॉनांच्या चित्रांनाही लागू पडला. लेस्ली त्या निबंधाचे सहलेखक आहेत. बीमलाइनवरच्या लोकांनी काही दशकं घासूनपुसून तयार केलेली सगळी हत्यारं एका फटक्यात इकडे आली. लायसोझाइमची रचना २.५ अँगस्ट्रॉमवर पोहोचली.

खरी कसोटी २०१५ साली लागली. पार्किन्सनच्या आजारात मेंदूतल्या पेशींत अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाचे चिवट तंतू साचतात. त्या प्रथिनाचा गाभा मानला जाणारा अकरा अमिनो आम्लांचा तुकडा लॉस एंजेलिसच्या डेव्हिड आयझेनबर्ग यांच्या गटाला हवा होता. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात थेंबात स्फटिक दिसतच नव्हते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात मात्र तो गाळ स्फटिकांचाच निघाला. त्यांची रुंदी दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कमी होती, म्हणून कुणालाच दिसले नव्हते. जनेलियात त्यांच्यावरून १.४ अँगस्ट्रॉमची रचना निघाली. इतकी स्पष्ट, की काही हायड्रोजन अणूही दिसले. क्ष-किरण हायड्रोजनच्या एकुलत्या एक इलेक्ट्रॉनाला जेमतेम ओळखतात.

याच कामाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. त्याच गाभ्यातल्या नऊ अमिनो आम्लांच्या तुकड्याचे स्फटिक जरा मोठे वाढत होते, आणि त्याची रचना आरगॉनच्या सूक्ष्मझोत बीमलाइनवर क्ष-किरणांनीच केली गेली. प्रथिनांच्या जागतिक संग्रहात, म्हणजे १९७१ साली ब्रुकहेवनला अवघ्या सात रचनांनी सुरू झालेल्या आणि आता दोन लाखांच्या पुढे गेलेल्या प्रोटीन डेटा बँकेत, या दोन्ही नोंदी शेजारी शेजारी आहेत: ४आरआयके क्ष-किरणांची, ४आरआयएल इलेक्ट्रॉनांची. एका पद्धतीने दुसरीला हरवल्याची कथा वाचकांना आवडते, पण इथे ती खरी नाही.

इलेक्ट्रॉनांच्या मर्यादा पारख्याला तोंडपाठ असाव्या लागतात. स्फटिक अर्ध्या मायक्रॉनच्या फार पुढे जाड झाला तर इलेक्ट्रॉन आतच पुन्हा पुन्हा विखुरतात आणि तीव्रतांचा घोटाळा होतो. मग आयनांच्या झोताने स्फटिक तासून पातळ करावा लागतो. तीन मिलिमीटरची जाळीदार चकती सूक्ष्मदर्शकात फार तर सत्तर अंशांपर्यंत कलते, म्हणून एका बाजूची माहिती राहून जाते. स्फटिक पापडासारखे चपटे असले तर सगळेच एका कुशीवर पडतात आणि राहिलेली बाजू कितीही स्फटिक घेतले तरी राहिलेलीच असते. जास्तीचं द्रव टिपकागदाने शोषून घ्यायचं असतं. ते एखादा सेकंद जास्त झालं तर स्फटिक सुकतो, कमी झालं तर बर्फाचा थर जाड बसतो. हा सेकंद कुठल्याही पुस्तकात सापडत नाही.

औषधं बनवणारे रसायनशास्त्रज्ञ या पद्धतीकडे वळले ते २०१८ साली. एकाच महिन्यात दोन गटांनी दाखवलं, की बाटलीतल्या किंवा कॅप्सूलमधल्या पुडीतून, वेगळा स्फटिक न वाढवता, रेणूची रचना काढता येते. कॅलिफोर्नियातल्या गटाने प्रोजेस्टेरॉन घेतलं होतं, युरोपातल्या गटाने सर्दीच्या कॅप्सूलमधलं पॅरासिटामॉल. तोवर गोनेन जनेलिया सोडून लॉस एंजेलिसला गेले होते. अ‍ॅशबर्नमध्ये राहिले ते मोठे, ३०० किलोव्होल्टचे शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि ते चालवणारा विभाग. हॉवर्ड ह्यूजच्या अमेरिकेभरातल्या प्रयोगशाळा त्यावर आपले नमुने पाठवतात. गोठवलेल्या जाळ्या इथेही द्रव नायट्रोजनच्या डब्यातून कुरिअरने येतात, इथेही वेळ वाटून दिलेला असतो, आणि इथेही पहिलं चित्र पाहून कुणीतरी ठरवतं की नमुना पुढे न्यायचा की परत पाठवायचा.

या लोकांच्या कामाची नोंद कुठे राहते? डेटा बँकेच्या फाइलमध्ये क्ष-किरणांच्या प्रत्येक रचनेपुढे सिंक्रोट्रॉन होतं की नाही, कुठलं, कितव्या क्रमांकाची बीमलाइन, किती केल्विन तापमान, किती तरंगलांबी, सगळं ठरलेल्या रकान्यांत लिहिलेलं असतं. बीमलाइनवर त्या दिवशी कोण होतं याला रकाना नाही. अल्फाफोल्ड या प्रोग्रामने याच फाइलींवर शिकून प्रथिनांच्या घड्या ओळखायला सुरुवात केली आणि २०२४ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना वाटा मिळाला. ते योग्यच झालं. पण क्षार क्षार म्हणून बाजूला काढला नसता, बर्फाच्या कड्यांतले ठिपके वगळले नसते, जळलेल्या स्फटिकाची माहिती वेळेवर थांबवली नसती, तर प्रोग्रामने कशावर शिकायचं होतं? आता त्याने वर्तवलेली घडी हाताशी असल्यामुळे स्फटिकाची माहिती सोडवणं पुष्कळ सोपं झालं आहे. औषधाचा रेणू नेमका कुठल्या खोबणीत, कुठल्या कोनात बसला, हे पाहायला मात्र स्फटिक लागतोच. त्यामुळे आरगॉनच्या चकत्या आणि अ‍ॅशबर्नच्या जाळ्या दोन्ही भरूनच येतात. कुठला नमुना कुठे पाठवायचा, हे विचारायला आधी फोन येतो तोही याच माणसांना: दहा मायक्रॉनच्या पुढे असेल तर सिंक्रोट्रॉनकडे, अर्ध्या मायक्रॉनच्या आत असेल तर सूक्ष्मदर्शकाकडे, आणि मधला असेल तर आधी थोडे नमुने पाठवा, बघू.